देव हिशेब ठेवत नाही

दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस, उत्तम क्षमेचा. बस्तीत दुपारचा स्वाध्याय संपला होता. बायका चष्मे, पिशव्या गोळा करून घरी निघाल्या होत्या आणि मी सतरंज्यांच्या घड्या घालत होते. तेवढ्यात एक मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. मुलगी म्हणायचं, पण पस्तिशीची बाई. दीड वर्षापूर्वी तिचा नवरा अचानक गेला. पदरात एक लहान मुलगा. नवरा आणि दोन दीर मिळून दुकान चालवायचे. आता दीर म्हणतात, दुकानात तुझं काय आहे? सासू म्हणते, तुझ्या पायगुणानं माझा मुलगा गेला. आणि महिन्यापूर्वी तिच्यापुढे एक कागद ठेवलाय, हक्कसोडपत्राचा. सही कर म्हणतात.

ती म्हणाली, "काकू, आज तुम्ही क्षमेवर वाचलात. घरातले पण तेच म्हणायलेत. क्षमा कर, सही कर, देव बघून घेईल. पण आपला देव काही करत नाही असं पाठशाळेत तुम्हीच शिकवलंय की. मग मी विश्वास ठेवायचा तरी कशावर?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला लगेच उत्तर देता आलं नाही. तिला घरी नेलं, चहा केला, आणि थोडं काहीतरी बोलले. त्या बोलण्याने माझंच समाधान झालं नाही. तिचा प्रश्न तिच्या एकटीचा नव्हताच. माझ्या आयुष्यात तो एकदा येऊन गेलाय. तेव्हापासून मी त्यावर विचार करत आले आहे. तो विचार आज सविस्तर लिहून काढते.

माझी एक शेजारीण विठ्ठलाची भक्त आहे. तिच्यावर काही संकट आलं की ती विठ्ठलाशी भांडते. त्याला नावं ठेवते, त्याच्यावर रुसते, दोन दिवस त्याच्या तसबिरीला फूल घालत नाही. मग काहीतरी बरं घडतं आणि समेट होतो. मला तिचा कधी कधी हेवा वाटतो. आमच्या बेळगावच्या किल्ल्यात कमलबस्ती आहे, 1204 सालची. तिथे काळ्या पाषाणाचे नेमिनाथ भगवान आहेत. वर छताला दगडी कमळ. लहानपणापासून मी तिथे जाते. त्यांच्यासमोर कितीही वेळ बसा, ते तुमच्याशी भांडणार नाहीत आणि समेटही करणार नाहीत. ते वीतराग आहेत. त्यांना माझ्यावर राग नाही, तसा माझा लोभही नाही. माझ्यावर अन्याय करणाऱ्याला ते शिक्षा देणार नाहीत आणि मला बक्षीसही देणार नाहीत.

आपल्या णमोकार मंत्राकडेच बघा. त्यात कुणा एकाचं नाव नाही आणि एकही मागणं नाही. पाच परमेष्ठींना नुसता नमस्कार आहे. तत्त्वार्थसूत्राच्या आरंभीच्या मंगलाचरणातही वंदन कशासाठी, तर त्यांच्या अंगचे गुण आपल्यात यावेत म्हणून. सुख द्या, संकट टाळा, शत्रूला बघून घ्या, असं काही तिथे नाही. हे सगळं आपण पाठ केलेलं असतं. पण घरावर वेळ येते तेव्हा पाठांतर बाजूला राहतं आणि तोंडातून निघतं, "देव बघून घेईल." मीही असंच म्हटलं होतं. ती हकीकत सांगते.

1998 सालची गोष्ट. आमच्या भागातल्या महिला मंडळाची मी खजिनदार होते. बी. ए. झालेली, हिशेब नीट लिहिते, म्हणून मला ते काम दिलेलं. त्या वर्षी सामुदायिक जेवणासाठी मोठी भांडी घ्यायची ठरली. पातेली, परात्या, डाव, पाण्याची पिंपं. घरटी 251 रुपये वर्गणी. पावतीपुस्तकं छापली, प्रत्येकात 25 पावत्या. एकेका गल्लीला एकेक बाई ठरली. मी पुस्तकं वाटली. मंडळातल्या एका ज्येष्ठ बाईंना त्यांच्या घरी जाऊन पुस्तक दिलं. त्या देवपूजा करत होत्या. मी पुस्तक फडताळावर ठेवलं, "ठेवलंय हं" म्हटलं, त्यांनी मान हलवली. मी सही घेतली नाही. इतक्या मोठ्या बाईंना सही मागायची म्हणजे मला कसंतरीच वाटलं.

चार महिन्यांनी हिशेब जुळवताना एक पुस्तक कमी. म्हणजे 6,275 रुपयांचा प्रश्न. मी सभेत सांगितलं, पुस्तक अमक्यांकडे दिलंय. त्या म्हणाल्या, "मला दिलंच नाही." आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

त्या बघण्याचं वर्णन मी करत नाही. जिच्यावर असा प्रसंग आलाय तिला ते सांगायला नको आणि जिच्यावर आला नाही तिच्यावर कधी येऊ नये. त्यांचं वय, त्यांचा मान, त्यांचे उपवास, त्यांच्या घरून बस्तीला मिळालेली देणगी, हे सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला मी, भाड्याच्या घरात राहणारी, साड्यांना फॉल-पिको करून चार पैसे मिळवणारी. कुणी मला चोर म्हटलं नाही. "हिशेबात काहीतरी गडबड दिसते" एवढंच म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी बस्तीत माझ्या शेजारी बसलेली बाई पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवताना मी पाहिली.

मी घरी येऊन रडले. "देव बघून घेईल त्यांना," असं म्हणाले. माझ्या सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण दोन्ही वेळ सामायिक करणाऱ्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. नुसतं विचारलं, "कशाला रडायलीस? देवाला काय तेवढंच काम आहे होय?"

मला राग आला. मला वाटलं, यांना माझी किंमत नाही. मग त्या म्हणाल्या, "तू पैसे घेतलेस?" मी म्हटलं, नाही. "सही घेतलीस?" मी म्हटलं, नाही. "मग चूक तेवढी तुझी मान. नाही ती मानू नको."

या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं विचार केलाय.

आमचे हे म्हणत होते, पैसे भरून टाक आणि मोकळी हो. माझा भाऊ म्हणत होता, एक पैसा भरू नको, भरलास तर घेतले असंच होईल. दोघांचंही खरं होतं. शेवटी मी मंडळाला पत्र लिहिलं. पुस्तक मी दिलं होतं, पण सही घेतली नाही, हा माझा निष्काळजीपणा. त्याबद्दल मी रक्कम पाच हप्त्यांत भरते. मात्र मी पैसे घेतलेले नाहीत आणि हे इतिवृत्तात नोंदवावं, अशी विनंती. महिन्याला 1,255 रुपयांप्रमाणे मी पाच महिन्यांत पैसे भरले. फॉल-पिकोच्या पैशांतून ते भरणं सोपं नव्हतं. मंडळाने पैसे घेतले. नोंद मात्र केली नाही. खजिनदार बदलल्या.

ते पुस्तक आजतागायत सापडलेलं नाही. त्या बाई खोटं बोलल्या, की पूजेच्या नादात खरंच विसरल्या, की पुस्तक फडताळामागे पडून रद्दीत गेलं, हे मला कळलेलं नाही आणि आता कळणारही नाही. अशा गोष्टींचा शेवट सत्य बाहेर येऊन होतो, असं आपण कथांमध्ये वाचतो. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण विश्वासाचा खरा प्रश्न तिथेच उभा राहतो. न्याय मिळणार असेल तर धीर धरणं ही नुसती वाट बघणं झाली. न्याय मिळेलच असं नाही, हे कळल्यावर माणसाने कसं वागायचं?

त्या दिवसांत माझं सांत्वन करायला एक ओळखीच्या बाई आल्या होत्या. त्या प्रेमाने म्हणाल्या, "मागच्या जन्मी तू कुणाचे तरी बुडवले असशील. कर्म फिटलं समज." त्या गेल्यावर मला सभेतल्यापेक्षा जास्त एकटं वाटलं. सभेत माझ्या या जन्मावर संशय घेतला होता. या बाईंनी मागचाही सोडला नाही.

कर्मसिद्धांत आपल्या धर्माचा कणा आहे, त्यावर माझी श्रद्धा आहे. माझ्या वाट्याला आलेलं दुःख असाता वेदनीय कर्माच्या उदयानं आलं, हे मी मानते. पण तेच तत्त्वार्थसूत्र सहाव्या अध्यायात हेही सांगतं की असाता वेदनीय कर्म बांधलं कसं जातं. दुःख, शोक, ताप, आक्रंदन, वध, परिदेवन, हे स्वतःला, दुसऱ्याला किंवा दोघांना भोगायला लावल्याने. म्हणजे माझं जुनं कर्म उदयाला आलं म्हणून मला दुखावणारी व्यक्ती मोकळी होत नाही. तिचे कषाय तिचे आहेत आणि तिचा बंध तिला लागतोच. "तुझ्या कर्मानं झालं" हे वाक्य मी स्वतःशी म्हणाले तर त्यात मनाला सावरण्याचं बळ आहे. तेच दुसऱ्या बाईच्या तोंडावर म्हणाले तर मी तिला आणखी शोक देते, म्हणजे माझ्या खात्यात असाता जमा करते.

आपल्या पद्मपुराणातल्या सीतेची कथा इथे आठवते. आचार्य रविषेणांनी सातव्या शतकात लिहिलेला हा ग्रंथ आपल्याकडे घरोघरी वाचला जातो, पण त्यातली एक जागा आपण फार भराभर ओलांडतो. लोकापवादाला भिऊन रामाने गर्भवती सीतेला अरण्यात सोडायला सेनापती कृतान्तवक्त्राला पाठवलं. त्याने रडत रडत तिला खरं काय ते सांगितलं. सीता त्याच्याजवळ रामासाठी निरोप देते. निरोपाचा आशय असा की, लोक बोलले म्हणून मला सोडलंत, तसं लोक बोलले म्हणून धर्म सोडू नका.

विचार करा. पोटात जुळी मुलं, भोवती जंगल, ज्याच्यावर सगळा जीव तोच माणूस सोडून गेलेला. अशा वेळी आपण काय निरोप धाडला असता? तुम्हाला फळ मिळेल, देव बघून घेईल, असंच काहीतरी. सीता तसं म्हणत नाही. आणि तुम्ही केलंत ते बरोबर, असंही ती म्हणत नाही. तिच्या निरोपात अन्यायाची नोंद स्पष्ट आहे. लोकांच्या बोलण्यावरून मला सोडलंत, हे ती सेनापतीच्या हाती रामापर्यंत पोचवते. पण त्याच वाक्यात त्या माणसाचं कल्याणही चिंतते. खरं बोलणं आणि वाईट न चिंतणं या दोन गोष्टी एकाच वाक्यात बसू शकतात, हे मला तिने शिकवलं.

त्याच कथेत पुढे पुंडरीकपुरचा राजा वज्रजंघ हत्ती पकडायला त्या अरण्यात येतो. तिला रडताना बघतो, तिला धर्माची बहीण मानतो आणि मानाने आपल्या घरी नेतो. तिच्या मागच्या जन्माची कथाही पुराणात आहे. वेदवतीच्या जन्मी तिने एका मुनींबद्दल खोटा अपवाद पसरवला होता, म्हणून या जन्मी तिच्यावर अपवाद आला. पण ही कथा सांगतात कोण? सकलभूषण केवली, ज्यांना तिन्ही काळांचं ज्ञान आहे. आणि कधी? अग्निपरीक्षा होऊन गेल्यावर. तुम्हा-आम्हाला केवलज्ञान नाही. दुसऱ्याचा मागचा जन्म वाचायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आपल्या वाट्याला वज्रजंघाचं काम आहे, रडणाऱ्या बाईला बहीण म्हणून घरात घ्यायचं. हे काम सोपं नाही म्हणूनच की काय, आपल्याला कर्माचं व्याख्यान देणं जास्त आवडतं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. देव काही करत नाही, तर विश्वास कशावर?

बारा भावनांमध्ये अशरण भावना आहे. या संसारात जीवाला कुणी शरण नाही, आई नाही, नवरा नाही, पैसा नाही. आणि रोजच्या मंगलपाठात आपण चार शरणं घेतो, अरिहंतांचं, सिद्धांचं, साधूंचं आणि केवलींनी सांगितलेल्या धर्माचं. पूर्वी मला हे परस्परविरुद्ध वाटायचं. एकीकडे म्हणायचं कुणी शरण नाही, दुसरीकडे चौघांना शरण जायचं. मग एका पावसाळ्यात गोव्याला मावसबहिणीकडे जाताना चोर्ला घाटात आमची गाडी धुक्यात सापडली. पुढचं दोन हात दिसेना. ड्रायव्हरने पुढच्या ट्रकचा मागचा तांबडा दिवा धरला आणि त्याच्या मागोमाग सावकाश गाडी नेली. तो ट्रक आम्हाला ओढत नव्हता. त्याला आम्ही मागे आहोत हेसुद्धा ठाऊक नसावं. चाक आमच्याच ड्रायव्हरच्या हातात होतं, चुकला असता तर दरीत आम्हीच गेलो असतो. तरी त्या दिव्यावर आमचा विश्वास होता. तो ट्रक त्याच वाटेने पुढे गेलाय, म्हणजे इथे वाट आहे, हा तो विश्वास.

वीतराग भगवंतांवरचा माझा विश्वास मला असा समजला. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात खऱ्या देवाची तीन लक्षणं सांगितली आहेत. तो निर्दोष असतो, सर्वज्ञ असतो आणि हिताचा उपदेश करणारा असतो. निर्दोष आहे म्हणून तो पक्षपात करत नाही. सर्वज्ञ आहे म्हणून मी पैसे घेतले नाहीत हे त्याच्या ज्ञानात आहेच, मंडळाच्या इतिवृत्तात असो वा नसो. आणि हितोपदेशी आहे म्हणून अशा वेळी कुठे पाय ठेवायचा, ती वाट त्याने दाखवून ठेवली आहे. पाय मात्र माझे. तो माझा हिशेब ठेवत बसत नाही. हिशेब माझे परिणाम, माझ्या मनाचे भाव ठेवतात, आणि त्यात सही घ्यायची राहिली असं कधी होत नाही.

हे मला फार उशिरा कळलं. कारण त्या सहा-आठ महिन्यांत मी काय केलं, ते अजून सांगितलेलं नाही. सभेत मी एकदा खरं सांगितलं, ते योग्यच होतं. पण तेवढ्यावर मी थांबले नाही. फॉल-पिकोला साडी घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला मी तीच गोष्ट सांगितली. मग त्यात भर पडत गेली. त्या बाईंचा जुना एक वाद, त्यांच्या सुनेचं माहेरी जाऊन बसणं, देणगीमागचा दिखाऊपणा. दरवेळी दोन घटका बरं वाटायचं. ऐकणारीही "हो बाई, तशाच आहेत त्या" म्हणायची.

नीचगोत्राचा बंध कशाने होतो, हे एकदा स्वाध्यायात आलं. परनिंदा, आत्मप्रशंसा, दुसऱ्याचे असलेले गुण झाकणं आणि आपले नसलेले दाखवणं. त्यातल्या 'असलेले गुण झाकणं' या शब्दांवर मी अडखळले. कारण लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मला विषमज्वर झाला होता, तेव्हा याच बाईंनी सलग आठ दिवस डब्यातून पेज पाठवली होती. इतक्या घरांत मी त्यांची गोष्ट सांगितली, पण पेजेचा डबा एकाही घरात सांगितला नाही. सोयीने विसरले. आणि त्या पावतीपुस्तक विसरल्या यावर माझा विश्वास बसत नव्हता!

अन्यायाने माझे 6,275 रुपये गेले, काही महिने मान गेला. ते दुसऱ्यांनी घेतलं. पण जिभेवरचा ताबा आणि आठवणीचा प्रामाणिकपणा कुणी घेतला नव्हता. तो मीच देऊन टाकला. चारित्र्य जपायचं म्हणतात, ते हेच. आपल्याला वाटतं चारित्र्य म्हणजे लोक आपल्याला काय म्हणतात ते. ते तर लोकांच्या हातात आहे, ते घेऊ शकतात. आपल्या हातातलं आहे ते आपण सोडल्याशिवाय जात नाही. अन्याय झालेल्या माणसाला ते सोडावंसं फार वाटतं, एवढंच. आपल्यावर अन्याय झालाय, म्हणजे आता आपल्याला सगळं माफ, असं मनात कुठेतरी येतं.

मग सोसायचं, गप्प बसायचं, असा याचा अर्थ होतो का? अजिबात नाही. मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य अशा चार भावना आपल्याला सांगितल्या आहेत. सगळ्या जीवांशी मैत्री, गुणवंतांबद्दल आनंद, दुःखितांबद्दल करुणा आणि विपरीत वागणाऱ्यांबद्दल माध्यस्थ्य. विपरीत वागणाऱ्याच्या गळ्यात पडा असं नाही, त्याचं म्हणणं मान्य करा असंही नाही. त्याच्या बाबतीत मन मध्यावर ठेवा. द्वेषाकडे झुकू देऊ नका, भीतीकडेही नाही. सभेत उभं राहून एकदा खरं सांगणं माध्यस्थ्यात बसतं. तेच पंधरा स्वयंपाकघरांत सांगणं बसत नाही. जिथे सांगितल्याने काही सुधारू शकतं तिथे सांगितलं तर ते सत्य, जिथे नुसती आग शांत होते तिथे सांगितलं तर ती निंदा. मी माझ्यापुरती ही खूण ठरवली आहे.

म्हणून त्या मुलीला दुसऱ्या दिवशी मीच बोलावलं. तिला म्हटलं, "क्षमा कर, पण सही करू नको."

ती बघतच राहिली. मी म्हटलं, क्षमा मनाने करायची असते, हक्कसोडपत्रावर सही करून नाही. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलं आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस असतात. म्हणजे तुझा वाटा आहे, तुझ्या मुलाचा आहे आणि तुझ्या सासूबाईंचाही आहे. दुकानाचे कागद कसे आहेत ते बघून वकील नीट सांगेल. तुझ्या मुलाचं आहे ते सोडायचा तुला अधिकार नाही, ते सांभाळायचं कर्तव्य आहे. आणि धर्म काय तुला एकटीलाच सांगितलाय? सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटे कागद करणं. न्यासापहार आहे, म्हणजे दुसऱ्याची ठेव गिळणं. तुझे दीर रोज अभिषेकाला येतात. हे त्यांनाही कुणीतरी वाचून दाखवायला हवं. आपल्या समाजात क्षमेचा उपदेश नेहमी ज्याचं गेलंय त्यालाच होतो. ज्याने घेतलंय त्याच्यापुढे अचौर्याचं पान कुणी उघडत नाही.

"मग क्षमा कशाची करायची?" तिने विचारलं.

मी म्हटलं, वकिलाकडे जा, पण घरी येऊन मुलासमोर त्याच्या काकांना शिव्या देऊ नको. सासूबाई पायगुण म्हणाल्या, तर एकदा शांतपणे सांग की हे मला मान्य नाही, आणि त्यांना रात्रीची गोळी द्यायची ती दे. त्यांचाही मुलगा गेलाय. दाव्यात जेवढं खरं तेवढंच लिही, वकिलाने चढवायला सांगितलं तरी चढवू नको. जमेल तेवढं कर. एखाद्या दिवशी नाही जमणार. संध्याकाळी प्रतिक्रमण करायचं आणि दुसऱ्या दिवशी परत सुरू करायचं.

ती म्हणाली, "हे सही करण्यापेक्षा अवघड आहे."

आहेच. मी तिला खोटा धीर दिला नाही. तुझं भलं होईल, त्यांचं वाईट होईल, असंही म्हणाले नाही, कारण मला ते माहीत नाही.

माझ्या गोष्टीचा एक तुकडा राहिलाय. 2009 सालच्या क्षमावणीला मी त्या बाईंच्या घरी गेले. अकरा वर्षांत बस्तीत दिसलो तर "जय जिनेंद्र" एवढंच. त्या आता अंथरुणाला खिळलेल्या होत्या. सुनेने उशीला टेकवून बसवलं. मी हात जोडून "क्षमा असावी" म्हटलं. त्यांनी रीतीप्रमाणे हात जोडले. मग डोळे बारीक करून विचारलं, "कशाबद्दल गं?"

क्षमावणीला असं कुणी विचारत नाही. मी जाताना ठरवलं होतं की पुस्तकाचा विषय काढायचा नाही. काढला असता तर ती क्षमा मागणं झालं नसतं, वसुली झाली असती. मी म्हटलं, "मी तुमच्याबद्दल पुष्कळ घरांत वाईट बोलले. आणि तुम्ही मला पेज पाठवली होती, ते कुणालाच सांगितलं नाही."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. भिंतीवरच्या बाहुबलीच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या पुस्तकाबद्दल काही बोलतील. खोटं कशाला सांगू, मनात तेवढी आशा होतीच. त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, "हिला चहा कर. साखर कमी घाल, ही गोड कमी पिते."

त्यांना काय आठवलं, काय नाही, कोण जाणे. मी चहा प्यायले आणि घरी आले. हिशेब जुळला नव्हता, अजूनही जुळलेला नाही. पण त्या रात्री सामायिकाला बसले तेव्हा कितीतरी वर्षांनी त्या बाईंचा चेहरा मध्ये आला नाही.

ती मुलगी परवा बस्तीत भेटली. कोर्टाची तारीख लागलीय म्हणाली. निकाल काय लागेल ते दोघींनाही ठाऊक नाही. मुलाला पाठशाळेत घातलंय. मी वर्गात त्याला विचारलं, "णमोकार मंत्रात आपण देवाकडे काय मागतो?" तो थोडा विचार करून म्हणाला, "काहीच नाही." मी म्हटलं, "बरोबर, बस."